घर बघायला रविवारी जाऊ नका

मार्च लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. गड्ड्याच्या यात्रेनंतर महिनाभर भावकीतल्या वाटण्या, मग मुलांच्या परीक्षा, आणि उन्हं तापली की बदल्या. 1984 ते 2016 अशी 32 वर्षं डोंबिवलीत काढून मी सोलापूरला परत आले, हे मागं एकदा या सदरात लिहून बसले. तेव्हापासून मुंबईकडं निघालेलं सोलापुरातलं प्रत्येक बिऱ्हाड टेम्पो ठरवण्याआधी मला पत्र टाकतं की काय, असं वाटायला लागलंय. या वेळी तीन पत्रं घेते. पहिल्यावर बरंच बोलायचंय, तेव्हा उरलेल्या दोघांनी रागावू नये.

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात स्वतःच्या घरात राहतो. पुढं अंगण, वर गच्ची. मिस्टरांची बदली मुंबईला बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, ऑफिसात झाली आहे. एक जूनला हजर व्हायचंय आणि साडेनऊला पंच करावं लागतं. मुलगा आठवीत जाईल, सेमी इंग्रजी. सासूबाई 72 वर्षांच्या, गुडघे दुखतात. मी घरातूनच शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते, महिन्याला बारा-पंधरा हजार सुटतात. भाड्याला वीस हजारांच्या वर जमणार नाही. दीर म्हणतात, बदलापूरला स्वस्तात विकतच घ्या. मिस्टरांचे मित्र म्हणतात, उलवे बघा, मोकळी हवा आहे, अटल सेतू जवळ आहे. मिस्टर म्हणतात, कुर्ल्याला एक खोली घेऊ, ऑफिस जवळ पडेल. डोंबिवलीत एजंटनं स्टेशनजवळ वन बीएचकेचे 19 हजार सांगितले, आत लांब 12 हजार. दोन रविवार जाऊन घरं बघून आलो, सगळीच बरी वाटली. डोकं चालेना झालंय. कुठं राहावं?
(एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : तुझं वय माझ्या थोरल्या लेकीएवढं दिसतंय, म्हणून तूच म्हणते. रविवारी घरं बघितली असं लिहिलंस, तिथंच मी पत्र खाली ठेवलं. अगं, रविवारी मुंबईकडची सगळीच घरं बरी दिसतात. रुळांच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक नसला तर गाडीत बसायला मिळतं. स्टँडवर रिक्षावालेच आपल्याला हाका मारतात. एजंटसुद्धा अंघोळ करून आलेला असतो.

आम्हीही 1984 साली रविवारीच घर बघितलं होतं. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरून आत. एजंट म्हणाला, "स्टेशन ना? चालत दहा मिनिटं." चाललोही. एप्रिल महिना, हातात काही नाही, गप्पा मारत. दोन खोल्या आणि वर स्वयंपाकघर, मागं नारळाचं झाड, आणि भाडं स्टेशनजवळच्या घराच्या निम्मं. सोलापुरातून गेलेल्या माणसाला अंगण दिसलं की तो बाकी काही बघत नाही. जूनमध्ये कळलं, ती दहा मिनिटं एजंटची होती. साडी, छत्री, डबा, पर्स आणि चिखल धरून माझी सव्वीस व्हायची.

संध्याकाळची गोष्ट त्याहून वाईट. एका बुधवारी फोर्टातून निघताना मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. लेडीज डब्यात बसायला मिळालं, म्हणून ठाणे येईपर्यंत निवडूनही झाल्या. आमच्या वेळी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगद्यात शिरली की भाजी निवडणाऱ्या सगळ्या बायका देठं आवरायला घ्यायच्या, कारण पलीकडं डोंबिवली फार लांब नसायची. उतरले तेव्हा पावणेआठ. बाहेर पाऊस, रिक्षाची रांग जिन्यापर्यंत. पन्नास मिनिटं उभी राहिले. घरी येऊन कापडी पिशवी उघडली तर निवडलेली मेथी आतल्या आत वाफ धरून गरम झाली होती, पानं काळी पडलेली. तव्यावर टाकायच्या लायकीची राहिली नव्हती. रडले बिडले नाही. नवऱ्याला एवढंच म्हणाले, एक खोली कमी चालेल, रांग नको.

1987 ला रामनगरात आलो. एक खोली, स्वयंपाकघर, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं जवळजवळ दुप्पट. महिनाभर सासरचे लोक आम्हाला वेड्यात काढत होते. पुढं तेच घर विकत घेतलं आणि सोलापूरला परत येईपर्यंत तिथंच राहिलो.

आता तुझ्या घराकडं येऊ. सीएसएमटीपासून ठाणे 34 किलोमीटर, डोंबिवली 48, कल्याण 54, बदलापूर 68. हे आकडे कुणीही सांगेल, आणि घर दाखवणारा नेमका रेल्वेचा मधला तुकडाच सांगतो: "फास्टनं पाऊण तास." माणूस मोडतो तो दोन्ही टोकांना. एक टोक घर ते स्टेशन. दुसरं टोक तुमच्या बाबतीत जास्त चिवट आहे, कारण मध्य रेल्वेचं कुठलंच स्टेशन बीकेसीत नाही. कुर्ल्याला उतरायचं, पूल चढून पश्चिमेला जायचं, आणि तिथून बेस्टची बस नाहीतर शेअर रिक्षा. सकाळी नऊच्या सुमारास तिथं काय असतं ते मिस्टरांनी स्वतः बघायला हवं. दुसरा रस्ता मेट्रोचा. मेट्रो तीन ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली आणि तिचं बीकेसीला स्टेशन आहे. मध्य रेल्वेवरून जाणाऱ्यानं घाटकोपरला उतरून मेट्रो एक पकडायची, मरोळ नाक्याला बदलायचं, आणि उलटं खाली बीकेसीला यायचं. वळसा मोठा आणि खर्च जास्त, पण कुर्ल्याला पाणी साचलेल्या दिवशी हाच आधार.

दिरांचं बदलापूर. हवा चांगली, घरं मोठी, खोटं नाही. पण कल्याणनंतर कर्जतच्या फाट्यावरची गाडी हवी, गाड्या कमी, आणि मिस्टरांची घर ते खुर्ची दोन तासांच्या आत-बाहेर जाईल. एका बाजूला पावणेदोन धर. जाऊन-येऊन साडेतीन. महिन्याला 24 दिवस धरले तर 84 तास, म्हणजे साडेतीन दिवस आणि साडेतीन रात्री माणूस नुसता रस्त्यावर. शिवाय उल्हास नदी. जुलै 2019 मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींनी काढले, ते टीव्हीवर तूही बघितलं असशील. सगळं बदलापूर बुडतं असं नाही. पण दिरांनी सुचवलेली इमारत नदीपासून किती लांब, हे भर पावसाळ्यात जाऊन बघितल्याशिवाय विकत घ्यायचं नाव काढू नका. आणि विकत तर मुळीच आत्ता घ्यायचं नाही. नोकरी कशी निघते, साहेब कसा आहे, मुलाला शाळा मानवते की नाही, काही माहीत नाही आणि वीस वर्षांचं कर्ज? दिरांना सांग, वहिनीनं या सदरातल्या म्हातारीला विचारलं, ती नको म्हणाली. माझ्या नावावर खपवून टाक.

उलवे. नकाशात बघितलं की अटल सेतू दिसतो आणि माणूस भुलतो. जानेवारी 2024 ला सुरू झाला, 21.8 किलोमीटर, बघण्यासारखा आहे. पण दुचाकीला त्यावर परवानगी नाही, आणि मोटारीला एका बाजूचा टोल सुरू झाला तेव्हाच 250 रुपये होता. रोज मोटारीनं जाणार का मिस्टर? नाही ना? मग उरते लोकल: बामणडोंगरी नाहीतर खारकोपरहून उरण मार्गाची गाडी, ती नेरूळ किंवा बेलापूरला बदलायची, तिथून हार्बरनं कुर्ला, मग परत ती रिक्षाची रांग. तीन वाहनं. ज्याचं ऑफिस बेलापूर-वाशीला आहे त्यानं उलवे जरूर बघावं. तुमच्यासाठी ते नाही.

कुर्ल्याची एक खोली. मिस्टरांचं म्हणणं एकट्या माणसाचं म्हणणं आहे, आणि एकटे असते तर मीही तेच सांगितलं असतं. पण त्या खोलीत दिवसभर कोण राहणार? तू, मुलगा, सासूबाई, चटणीची उखळ आणि भाकरीचे डबे. आठवीतलं पोरगं अभ्यासाला कुठं बसवणार? शिवाय मिठी नदी तिथूनच जाते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कुर्ल्यात माणसं गळ्याएवढ्या पाण्यातून चालली. मी त्या रात्री ऑफिसातच टेबलावर झोपले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. तळमजल्याची खोली तर अजिबात नको.

आता मुद्द्याची गोष्ट, जी तुझ्या घरात कुणीच विचारलेली दिसत नाही. सगळे मिस्टरांचं ऑफिस कुठं आहे ते बघतायत. तुझं गिऱ्हाईक कुठं असेल, हे कुणी बघितलं? जुळे सोलापुरात दर तिसऱ्या घरात चटणी कुटली जाते, तरी तू बारा-पंधरा हजार मिळवतेस. डोंबिवलीत स्टेशनच्या दोन्ही बाजूंना गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं आहेत, आणि ती उगीच नाहीत. सात-आठला गाडीतून उतरलेली बाई घरी जाऊन कणीक मळत नाही, जाता जाता पोळ्या घेऊन जाते. तिच्या पिशवीत तुझी पावशेर चटणी आणि चार कडक भाकरी जायला कितीसा वेळ लागेल? पण त्यासाठी तू तिच्या वाटेवर हवीस. स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत. आतल्या 12 हजारांच्या घरात तुझं दुकान पहिल्या महिन्यात बंद पडेल आणि महिन्याला सात हजार वाचवायला जाऊन तू पंधरा घालवशील. मिस्टरांचा रिक्षाचा खर्च नि वेळ वाचेल तो वेगळा. माझा कौल स्टेशनजवळच्या 19 हजारांच्या घराला, भाड्यानं, 11 महिन्यांसाठी. हजार उरतात म्हणून खूश होऊ नकोस, सोसायटीचं पार्किंग ते खाईल.

राहिली उखळ. तळमजला मिळाला तर कुटण्याचा आवाज खाली कुणाला जाणार नाही आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनाही सोपं, असं तुझ्या मनात येईल. माझ्याही आलं. पण तळमजल्याला पाण्याची भीती आणि खिडकीला खिडकी लागलेली. त्यापेक्षा लिफ्टवाली इमारत आणि पहिला-दुसरा मजला. लिफ्ट नुसती आहे का नको विचारू, चालू आहे का ते बघ, आणि वीज गेल्यावर चालते का तेही. उखळीखाली गोणपाटाच्या चार घड्या घाल, सकाळी अकरा ते बारा एवढीच वेळ ठेव, आणि पहिल्या दिवशी खालच्या बिऱ्हाडाला वाटीभर चटणी आधी नेऊन दे, कुटायला नंतर बस. तेवढ्यानं भागलं नाही तर कूट इथंच जावेकडून करून घे आणि रात्रीच्या गाडीनं मागव. मिक्सरला लावू नकोस. मिक्सरमधून भुकटी निघते, शेंगदाण्याचं तेल सुटत नाही, आणि तेल सुटलं नाही तर तिला सोलापूरची म्हणायची कशाला? अन्न परवान्याची नोंदणी जुन्या पत्त्यावर असेल, ती नव्या पत्त्यावर करून घ्यायला विसरू नकोस.

सासूबाईंचं ऐक. माझ्या सासूबाई 1991 ला भवानी पेठेतल्या वाड्यातून आमच्याकडं आल्या. वाड्याचं दार सकाळी उघडायचं ते रात्री लागायचं. इथं दार कायम बंद. पहिला आठवडा त्या जिन्याच्या पायरीवर बसून शेंगा फोडायच्या आणि वर-खाली जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "जेवलाव का?" लोक दचकून बघायचे. मग एकदा मी त्यांना कोपऱ्यावरच्या उडप्याकडं इडली खायला नेलं. गल्ल्यावरचा अण्णा पोराला कानडीत काहीतरी ओरडला, आणि आमच्या सासूबाई, अक्कलकोटच्या माहेरवाशीण, त्याच कानडीत त्याला म्हणाल्या की पोरगं लहान आहे, एवढं ओरडू नकोस. अण्णा उठून उभा राहिला. त्यानंतर रोज सकाळी नऊ वाजता, गर्दी ओसरली की, त्या तिथं जाऊन अर्धा तास बसायच्या. चटणी ताजी वाटली की तो वाटीत घालून द्यायचा. घर जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर होतं तरी त्या रोज उतरायच्या, कारण खाली जायला जागा होती. तेव्हा घर बघताना सासूबाईंना दोनशे पावलांच्या आत काय मिळेल ते बघ: देऊळ, बाक, भाजीवाला, काहीही. आणि त्यांना घर ठरवायच्या आधी ने, नंतर नको.

मुलाचं फार मनावर घेऊ नकोस. बोर्ड तेच, पुस्तकं तीच. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत काढ आणि प्रवेश मेमध्येच कर. त्याला तिथं सगळ्यात आधी "बे" म्हणायची सवय सोडवावी लागेल, ते काम वर्गातली पोरं चार दिवसांत करतील.

आता करायचं काय? सोमवारी रात्री तुम्ही दोघं सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघा, पहाटे कल्याणला उतरा, चहा घ्या आणि डोंबिवलीला या. पावणेआठला त्या 19 हजारांच्या घराच्या दारात उभे राहा, मिस्टरांच्या पाठीवर ऑफिसची बॅग आणि त्यात डबा. घड्याळ लावा. चालत स्टेशन, मिळेल ती कुर्ल्याला थांबणारी गाडी, बीकेसीतलं दार. पहिली गाडी सुटली तर सुटू दे, तीही वेळ मोज. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या काही लोकल आहेत, त्या धीम्या असल्या तरी चढता येतं, त्यांच्या वेळा लिहून घ्या. संध्याकाळी साडेसहाला तीच वाट उलटी. तू तोवर घराच्या आसपास फिर. पाणी किती वाजता येतं आणि महापालिकेचं की टँकरचं, हे मालकाला विचारू नकोस, जिना झाडणाऱ्या बाईला विचार. सोलापुरात दिवसाआड काय, चार-चार दिवसांआड पाणी भरलेली आपण माणसं, आपल्याला पाण्याचे प्रश्न विचारता येतात. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर तिथं पावसात ओल येते असं समज.

घर पटलं तर करार नोंदवलेलाच करा. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे, साध्या स्टँपपेपरवर सही करून भागवू म्हणणाऱ्याला नमस्कार करा. डिपॉझिट रोख देऊ नका. सोडताना रंगाचे पैसे कोण देणार हे करारात लिहून घ्या. पहिल्या घराच्या मालकानं आमच्या डिपॉझिटातून रंगाचे म्हणून कापले आणि ती भिंत पुढं दोन वर्षं तशीच होती, हे मला शेजारणीनं सांगितलं. जुळे सोलापूरचं घर भाड्यानं द्या. गच्चीवरची एक खोली मात्र स्वतःकडं ठेवा, कुलूप लावून.

प्रश्न : मी 23 वर्षांचा. ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी लागली आहे, कधी कधी रात्रपाळी. मामा कल्याणला राहतात, म्हणतात आमच्याकडंच राहा, भाडं कशाला. घणसोलीत सोलापूरचेच चार मित्र एका फ्लॅटमध्ये आहेत, माझ्या वाट्याला सात हजार येतील. आई म्हणते मामाकडं राहा, घरचं जेवण मिळेल.
(एक वाचक, अशोक चौक)

उत्तर : बाळा, घणसोली. आईला मी समजावते.

कल्याणहून ऐरोलीला जायचं तर आधी ठाण्यापर्यंत मुंबईच्या गर्दीत जायचं, तिथं पूल चढून वाशी-पनवेलकडची गाडी पकडायची. कल्याण ते ठाणे हा तुकडा सकाळी कसा असतो ते शब्दांत सांगता येत नाही. तुझ्या वयाचं पोरगं आत शिरायला जमलं नाही की दारात लटकतं. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर असेच दारातले प्रवासी खाली पडले, जीव गेले. सात हजारांसाठी रोज त्या वळणावरून जायचं नाही. घणसोली ते ऐरोली मध्ये फक्त रबाळे. रात्रपाळी संपवून पहाटे परतताना तर हे अंतर फारच कळेल.

आणि मामांचं घर मामींचं असतं. रात्री दोनला बेल वाजवणारा भाचा पहिला महिना लाडका असतो. रविवारी जात जा, जाताना आंबे ने.

एक मात्र बघ. त्या फ्लॅटच्या करारात पाचही जणांची नावं घालून घ्या. एकाच्याच नावावर करार असला आणि तो पुण्याला नोकरी मिळून निघून गेला, तर उरलेल्या चौघांनी डिपॉझिट कुणाकडं मागायचं? तुझा वाटा दिलास त्याचा ऑनलाइन पुरावा जपून ठेव. इमारत गावठाणातली असेल तर भाड्यानं राहायला हरकत नाही, विकत घ्यायचा विचार पुढं कधी आला तर मला परत पत्र टाक.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त, वय 64. पत्नी आहे. दमाणी नगरात स्वतःचं बैठं घर, दोन खोल्या भाड्यानं दिल्या आहेत. मुलगा-सून ठाण्याला भाड्यानं राहतात. कल्याण-शीळ रस्त्याला त्यांनी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत वन बीएचके बघितला आहे. मुलगा म्हणतो, सोलापूरचं घर विकून पैसे द्या, दोन वर्षांनी ताबा, मग सगळे एकत्र राहू. बिल्डरकडं रेरा नंबर, म्हणजे प्रकल्पाची सरकारी नोंदणी, आहे म्हणतो. नाही म्हटलं तर मुलगा दुखावेल. काय करावं?
(एक वाचक, दमाणी नगर)

उत्तर : भाऊ, मुलगा वाईट नाही, आणि त्याचं भाडं दरवर्षी वाढतंय हेही खरं. पण चार माणसं वन बीएचकेत "एकत्र" राहू असं जो म्हणतो, त्यानं झोपायच्या जागा मोजलेल्या नाहीत. तुम्ही दोघं हॉलमध्ये, म्हणजे सून उठल्याशिवाय तुम्हाला दिवा लावता येणार नाही आणि तुम्ही झोपल्याशिवाय तिला टीव्ही. निवृत्त माणसाला पहाटे चारला जाग येते, हे तुमच्या मुलाला माहीत असायचं कारण नाही.

कागदाचं बोलू. रेरा नंबर आहे असं बिल्डरनं म्हणणं वेगळं आणि तुम्ही महारेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः टाकून बघणं वेगळं. आणि तेवढ्यावरही थांबायचं नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती पाडायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. त्यात घरं घेतलेली माणसं तुमच्या मुलासारखीच होती, हप्ते भरणारी, कागद बघितला म्हणणारी. तेव्हा रेरावर चढवलेला बांधकाम परवाना खरा आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारायचं. वकिलाला पैसे देऊन जमिनीचा शोध घ्यायचा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेरा कायदाच आहे. जास्त मागत असेल तर तिथंच ओळखा. ठाणे-कल्याण बाजूला मुद्रांक शुल्क साधारण सात टक्के आणि नोंदणीचे वर 30 हजारांपर्यंत, हे एजंटच्या हिशेबात बहुतेक वेळा नसतं. घर सुनेच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते. मुलाला हे सांगून बघा, घर खरंच घरासाठी हवंय का तेही कळेल.

मी तुमच्या जागी असते तर घर विकलं नसतं. वाटलं तर फंडातून जमेल तेवढी रक्कम मदत म्हणून दिली असती, आणि तीही तयार, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतल्या घरासाठी. त्या प्रमाणपत्राला तिकडं सगळे ओसी म्हणतात, तुम्हीही तोच शब्द वापरा, एजंट जरा जपून बोलतो. दोन वर्षांनी ताबा म्हणजे नेमकं कधी, हे बिल्डरलाही माहीत नसतं. त्या दोन वर्षांत तुम्ही कुठं राहणार, हे मुलानं सांगितलंय का? तुमच्या पत्रात ते नाही.

मुलगा दुखावेल या भीतीचं एक करा. नाही म्हणू नका. म्हणा, आम्ही आधी चार महिने तुमच्याकडं राहून बघतो. जूनमध्ये जा, गणपती करून परत या. इथले भाडेकरू घराकडं बघतील. त्या चार महिन्यांत सून संध्याकाळी किती वाजता घरी येते, मुलगा किती वाजता, आणि दिवसभर तुम्ही दोघं कुणाशी बोललात, एवढं वहीत लिहून ठेवा. वहिनींनाही वेगळी वही द्या. तुमची वही त्यांना दाखवू नका. तोवर घराचे कागद बँकेच्या लॉकरमध्येच असू द्या, आणि लॉकरची किल्ली ठाण्याला नेऊ नका.